चंद्राबाईच्या चहाचं पथ्य

राजगडाचा पाली दरवाजा उतरून खाली आलेल्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात, बसायला दगड आणि प्यायला काहीतरी गरम. पालीच्या वाटेवर, जांभळीच्या झाडाखाली, चंद्राबाई रेणुसेने या दोन्हींची सोय बारा वर्षांपासून करून ठेवली आहे. दगड मुळातच तिथे होते, तेव्हा त्यांचं श्रेय ती घेत नाही. चहाचं मात्र पुरेपूर घेते.

हा चहा दुधाचा नव्हे. दुधाचा मागितला तर ती खालच्या हॉटेलाकडे बोट दाखवते आणि पुन्हा चुलीकडे वळते. तिच्या पातेल्यात पहिल्यांदा पडतं ते उपळसरीचं मूळ. उपळसरी म्हणजे रानात झुडपांच्या आडोशाने वाढणारी बारीक वेल. शहरातल्या दुकानात तिलाच अनंतमूळ म्हणतात. मूळ ठेचून पाणी तांबूस होईस्तोवर उकळायचं, मग वाळवलेल्या आवळ्याचे तुकडे टाकायचे, चार पानं तुळशीची, आणि पातेलं खाली उतरवल्यावर सगळ्यात शेवटी गवती चहा. वर झाकण. मध्येच कुणी हौसेने झाकण उचलून डोकावलं की बाई खवळलीच. "वास ग्येला की मागं काय ऱ्हातं? नुसतं पानी!" पुण्याहून आलेली शिकली-सवरलेली माणसं अशा वेळी शाळेतल्या पोरांसारखी हात मागे घेतात.

मूळ काढायची तिची रीत त्याहून कडक. आदल्या दिवशी संध्याकाळी वेलापाशी जाऊन चार अक्षता टाकायच्या आणि सांगायचं, "उद्या येते गं." न सांगता गेलं तर ते मूळ चोरीचं. दुसऱ्या दिवशी खणतानाही निम्मं मूळ जमिनीतच ठेवायचं आणि माती पायाने नव्हे, हाताने दाबायची. तिचा नवरा भिमा याला हा सगळा खटाटोप वाटतो. "वेल काय पावनी हाय व्हय, सांगून जायाला?" असं तो वर्षातून एकदा तरी म्हणतो. बारा वर्षं त्याच टेकाडावरून तिला मूळ मिळतंय, एवढंच चंद्राबाई मनात म्हणते.

ही रीत तिने आईकडून उचलली. माहेर तिचं आंबवड्याचं, तिकडे भोरच्या अंगाला. आई सगुणाबाई पंचक्रोशीत काविळीचं औषध द्यायची. कसल्या मुळीचं, ते तिने कुणालाच सांगितलं नाही, पोटच्या पोरांनाही नाही. औषधाचे पैसे ती घेत नसे, कारण घेतले तर हाताचा गुण जातो. लोक नारळ ठेवून जायचे. आणि औषधाच्या आधी पथ्य सांगितलं जायचं, तेही असं ठणकावून, की माणसाला कावीळ बरी वाटावी. तेल नाही, वांगं नाही, आंबट नाही, सव्वा महिना. पथ्य मोडलं तर औषध उलटतं, मग देणारीकडे येऊन रडायचं नाही.

चंद्राबाई सतरा वर्षांची असताना आई गेली. धाकटा भाऊ जगन तेव्हा नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी चंद्राबाईचं लग्न झालं, पण त्या दोन वर्षांत तिने त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत धाडलं, तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं. जगन तिला आक्का म्हणतो. पण आजारी पडला की अजूनही त्याच्या तोंडून आधी "आये" येतं आणि मग तो आक्काला फोन लावतो.

हा जगन पुढे भोर डेपोत एसटीचा कंडक्टर झाला आणि नियमाचं बोट धरून त्याने सबंध नोकरी काढली. भाऊबीजेला माहेरी निघालेली सख्खी बहीण त्याच्याच गाडीत बसली, तर त्याने तिचंही तिकीट फाडलं होतं. घरी पोचल्यावर ओवाळणी दुप्पट घातली ही गोष्ट वेगळी. दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. आठ वर्षांपासून त्याला साखरेचा आजार. पण सकाळची गोळी सकाळी, रात्रीची रात्री, घड्याळ लावून घ्यावं असा त्याचा नेम. बहिणीचा चहा तो बिनगुळाचा, आवडीने प्यायचा. आक्काच्या हातचा म्हणून प्यायचा, आणि तेवढंच ते होतं.

गेल्या वर्षी थंडीत एक मुलगी गडावरून उतरली. वैष्णवी तिचं नाव, भोरची, पुण्याला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तीन कप चहा पिऊन तिने चौथा बाटलीत भरून मागितला. तिला कॉलेजात एक प्रकल्प करायचा होता, रानातल्या पेयांवर. चंद्राबाईला वाटलं, पोरीला चहा आवडला पण सांगायला लाजतेय. तिने बाटलीसोबत मूठभर सुकं मूळही बांधून दिलं.

वैष्णवी परत आली ती दसऱ्याच्या आठवड्यात. या वेळी तिच्या सॅकमध्ये चांदीच्या कागदात गुंडाळलेली एक बाटली आणि काचेच्या दोन नळ्या होत्या. जांभळीखालच्या दगडावर तिने दुकान मांडलं. भिमा म्हशी सोडून बघायला आला. चंद्राबाईचा मुलगा पप्पू, जो नसरापूरहून गडाखाली जीप भरून माणसं आणतो, तोही गाडी लावून उभा राहिला.

दोन्ही नळ्यांत वैष्णवीने बाटलीतलं गर्द जांभळं पाणी ओतलं. एकीत साध्या पाण्याचे थेंब टाकले, दुसरीत चंद्राबाईच्या चहाचे. साध्या पाण्याची नळी होती तशीच जांभळी राहिली. चहाची बघता बघता फिकी पडत गेली आणि शेवटी पिवळट झाली.

"रंग कुठं ग्येला?" चंद्राबाईने विचारलं.

"मावशी, वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना?"

"पडतं. हवा लागती."

"तसंच थोडंफार आपल्या अंगातही आतल्या आत चालू असतं. आणि झाडपाल्यात काही द्रव्यं अशी असतात, की ती हे काळं पडणं रोखतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. तुमच्या चहाने या नळीत तेच काम केलं. आमच्याकडे अकरा नमुने होते, त्यांत तुमचा पहिला आला. आणि मूळ आधी उकळायचं, गवती चहा शेवटी झाकायचा, ही तुमची पद्धत आम्ही मोडून पाहिली. उलट केलं तर रंगही कमी जातो आणि वासही."

चंद्राबाईने पदराने तोंड पुसलं. तिची रीत कुणीतरी मोडून पाहिली होती आणि ती बरोबर निघाली होती. अडुसष्ट वर्षांत तिच्या कुठल्याही गोष्टीची परीक्षा कुणी घेतली नव्हती, मग पहिला नंबर येण्याचा प्रश्न कुठून येणार!

जाता जाता वैष्णवी आणखी एक वाक्य बोलली. "पण मावशी, हे काचेतलं झालं. पोटात गेल्यावर यातलं किती उरतं, काय करतं, ते आम्हाला अजून ठाऊक नाही. हे औषध आहे असं मी म्हणत नाहीये हं."

चंद्राबाईने मान डोलावली. वाक्य तिने ऐकलं होतं. फक्त ते जवळ ठेवून घ्यावंसं तिला वाटलं नाही.

पप्पूला तर ते ऐकूच आलं नसावं. चौथ्या दिवशी त्याने नसरापूरहून भला मोठा फलक छापून आणला आणि जांभळीला बांधला. वर आईचा फोटो, खाली लाल अक्षरात, 'औषधी चहा. प्रयोगशाळेत सिद्ध.' चंद्राबाई लाजली, फोटोत पदर नीट नाही म्हणून कुरकुरली, आणि येता-जाता फलकाकडे बघत राहिली.

आता गंमत अशी झाली, की ट्रेकवाल्यांना त्या फलकाचं काहीच वाटलं नाही. त्यांनी फोटो काढले, चहा प्यायला, पैसे दिले, गेले. फरक पडला तो गावात. बारा वर्षं जे लोक तिच्या चहाला गवताचं पाणी म्हणत होते, ते आता तांब्या घेऊन येऊ लागले. आणि येताना नारळ आणू लागले. औषधाला पैसे द्यायचे नसतात हे पालीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या, पित्तवाले, झोप न येणारे, सगळे नारळ ठेवून, वाकून, 'पथ्य काय?' असं विचारून जात. बारा वर्षांत जिला कुणी नीट नमस्कार केला नव्हता, त्या बाईला धोंडाबाईसारखी गावातली वयोवृद्ध बाई "तुझ्या हाताला सगुणाचा गुण हाय" असं म्हणाली, तेव्हा चंद्राबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. भिमाला रोज खोबऱ्याची चटणी खावी लागत होती. "आता म्हशीच्या आंबोणातबी खोबरंच घालायचं का?" असं त्याने एकदा विचारलं, पण फार जोर न लावता.

त्याच भरात तिने जगनला फोन लावला.

"जगन, ऐकलंस का? माजा च्या औषध ठरला. कालिजातनं."

पलीकडे जगनचा आवाज बदलला. लहानपणी आईच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसांचा असायचा तसा झाला. "आक्का, मग मलाबी औषध म्हनून धाड. पथ्य काय?"

"पथ्य?" चंद्राबाई हसली. काय सांगावं ते तिला सुचेना, आणि सुचलं ते अभिमानाने सुचलं. "आईचंच."

दुसऱ्या दिवशी पप्पूच्या जीपमधून मूळ, आवळकाठी आणि गवती चहाची पुडी आंबवड्याला गेली. आणि मग दिवाळीची सुट्टी लागली, गडावर रीघ लागली, आणि चंद्राबाई तिच्या पातेल्यात बुडून गेली.

पुडी गेल्याच्या सव्विसाव्या दिवशी सकाळी जगनच्या सुनेचा फोन आला. गायत्री तिचं नाव. तिचा नवरा चाकणला कारखान्यात होता, घरी ती आणि सासरेच.

"आत्या, तुमी येऊन जावा. दादांच्या पायाला चप्पल लागलीया, पंधरा दिस झालं, भरंना. दवाखान्यात चला म्हनलं तर ऐकत न्हाईत. तुमचं औषध चालू हाय, दुसरं कायबी नको, म्हनत्यात."

चंद्राबाईने पातेलं उतरवलं, चूल भिमाच्या हवाली केली आणि पप्पूच्या जीपने नसरापूर गाठलं. तिथून भोर, भोरहून आंबवडे. एसटीत तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. 'दुसरं कायबी नको' म्हणजे काय?

जगन ओट्यावर बसला होता. बहिणीला बघून उठायला गेला आणि उठताना भिंतीला हात लावला. सदरा त्याच्या अंगावर दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता.

"आक्का, तुजं औषध लई गुनाचं," तो आनंदाने म्हणाला. "बघ, अंग कसं हलकं झालंया. पोट ग्येलं. नुसती तहान तेवडी लागती."

चंद्राबाईने त्याच्या पायावरचं फडकं बाजूला केलं. अंगठ्याशेजारच्या बोटाला कातड्याचा पट्टा लागून जखम झाली होती. कडा काळ्या होत्या. जखमेभोवतालचा पाय गरम होता आणि वास येत होता.

"जगन, गोळ्या घेतोस ना?"

"छ्या! म्हैना व्हईल बंद करून." त्याने बहिणीकडे असं पाहिलं, जसं एखाद्या प्रवाशाने विनाकारण घंटीची दोरी ओढल्यावर पाहावं. "आईचंच पथ्य न्हवं का? तेल न्हाई, वांगं न्हाई, आंबट न्हाई. आन् दुसरं औषध पोटात जाऊ द्यायाचं न्हाई. दोन औषधांचं भांडान हुतं."

आईच्या पथ्यातलं ते शेवटचं कलम चंद्राबाई पन्नास वर्षांत साफ विसरली होती. तेल, वांगं, आंबट एवढंच तिला आठवत होतं. नऊ वर्षांच्या जगनने मात्र आईच्या शेजारी बसून ते शंभर वेळा ऐकलं होतं आणि त्यातला एक शब्दही त्याच्या मनातून हलला नव्हता. चहा नुसता चहा होता तोवर तो गोळीसोबत बिनघोर पोटात जात होता. त्याला औषध म्हटलं कुणी? वैष्णवीने नाही. पप्पूच्या फलकानेही नाही, तो जगनने पाहिलेलाच नव्हता. फोनवर तो शब्द उच्चारला होता तिने स्वतः. त्या क्षणी तिला स्वतःची इतकी चीड आली, की आपल्याच तोंडात मारून घ्यावं असं वाटलं.

"म्या सांगते, चल दवाखान्यात," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं, की जगन निमूट रिक्षात बसला.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होता आणि शांत होता. त्याने रक्त तपासलं, साखर साडेचारशेच्या वर गेली होती. त्याने जखम पाहिली, मग जगनकडे पाहिलं. "काका, आज अ‍ॅडमिट व्हायचं. इन्सुलिनची इंजेक्शनं आणि जखमेसाठी सलाइनमधून औषध. आत्ता सुरू करू."

जगनने हात जोडले. "डाक्टरसायेब, माझं पथ्य चालू हाय. अकरा दिवस ऱ्हायल्यात. बाराव्या दिशी सकाळी आठला हजर हुतो."

"अकरा दिवसांनी तुम्ही हजर व्हाल," डॉक्टर म्हणाला. "हे बोट नसेल. कदाचित पाऊलही नसेल."

जगनचा चेहरा उतरला. तो मूर्ख नव्हता, त्याला कळलं. पण तो खाटेच्या कडेला ताठ बसून राहिला. गायत्री रडू लागली, तरी बसून राहिला. चंद्राबाईने डोक्यावरून हात फिरवला, मग दटावलं, मग आईची शपथ घातली. तेव्हा तो म्हणाला, "आईची शप्पत नको घालूस. आईचंच पाळतोय म्या. पथ्य मोडलं की औषध उलटतं. शेजारच्या वाडीतला तो काविळीचा मानूस आठवतो का? सव्वा महिन्याला चार दिस कमी असताना लगनात वांगं खाल्लं. तिसऱ्या दिशी ग्येला. आईनं रडून रडून घर डोक्यावर घेतलं व्हतं."

चंद्राबाईला आठवत होतं. डॉक्टर दाराशी थांबून होता; नर्सच्या हातात ट्रे होता.

पथ्य मोडायचा मार्ग नव्हता. पथ्य उठवायचा मात्र एक होता आणि तो फक्त तिलाच ठाऊक होता, कारण आईने तो मुलींना सांगायचा म्हणून सांगितला होता. देणारीने चार माणसांसमोर आपल्या तोंडाने म्हणायचं, की माझ्या औषधाला गुण नाही. एवढं म्हटलं की औषध औषध राहत नाही, आणि औषध नाही तर पथ्यही नाही. पण एकदा म्हटलं की ते त्या एका माणसापुरतं राहत नाही. देणारीच्या हातचा गुण कायमचा जातो. "हे तोंडातनं काढायचं न्हाई," आईने बजावलं होतं. "काढलंस तर पुना कुनाला मुळी द्यायाची न्हाई."

आपण म्हणू, त्यात काय, चार शब्द तर होते. पण चंद्राबाईचा यावर विश्वास होता. वेलीला सांगून जाणारी बाई ती. नळीतला रंग उडताना तिने डोळ्यांनी पाहिला होता. महिनाभर गाव तिच्या दारात वाकलं होतं, आणि ते तिला आवडलं होतं, फार आवडलं होतं; खोटं कशाला बोला. धोंडाबाईने तिच्या हाताला सगुणाचा गुण दिला होता. ते सगळं तिला आपल्याच जिभेने पुसायचं होतं. ती खाटेचा लोखंडी दांडा धरून क्षणभर उभी राहिली. मग तिने जगनच्या पायाकडे पाहिलं. नऊ वर्षांचा असताना याच पायात काटा मोडला होता आणि तिने तो सुईने काढला होता, आणि हा पोरगा हूं की चूं करत नव्हता, कारण आक्काने रडायचं नाही असं सांगितलं होतं.

"जगन, हिकडं बघ," ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही, पण शेजारच्या खाटांवरची माणसंही वळून पाहू लागली. "डाक्टर हायत, गायत्री हाय, ही सगळी मानसं हायत. म्या देनारी. म्याच सांगते. माज्या औषधाला गुन न्हाई."

जगनने दचकून वर पाहिलं. "आक्का!"

"गुन न्हाई. च्या हाय नुसता. पथ्य उठलं."

"आक्का, ह्ये काय बोललीस तू?" त्याने तिचा हात धरला. "आता तुज्या हाताचा..."

"जाऊ दे ग्येला तर."

मग जगनने सदऱ्याची बाही वर सारली आणि हात पुढे केला. नर्सने इंजेक्शन दिलं. डॉक्टरला यातलं किती कळलं कोण जाणे, पण तो चंद्राबाईसाठी खुर्ची घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, बसा तुम्ही."

रात्र तिने दवाखान्यातच काढली. सकाळी डॉक्टरला विचारलं, "बोट ऱ्हाईल का?" तो म्हणाला, "आत्ताच सांगता येत नाही. आठ-दहा दिवस जाऊ द्यात." गायत्री जगनपाशी राहिली आणि चंद्राबाई पालीला परतली.

परतल्यावर पहिलं काम तिने केलं ते फलक सोडवायचं. पप्पू जरा फणकारला. भिमाने फलक उचलला आणि कडब्यावर झाकायला नेला. गावात बातमी तिच्या आधीच पोचली होती. भोरच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवर पालीच्याच कुणाचा तरी पाहुणा होता. नारळ थांबले. दोन-चार जणांनी तोंडावर म्हटलं, गुण गेला हो बाईच्या हातचा. चंद्राबाईने 'व्हय' म्हटलं. कुणी तांब्या घेऊन आलंच, तर ती आधी विचारायची, "डाक्टरची गोळी चालू हाय का? ती सोडायची न्हाई. ह्यो नुसता च्या हाय." दोघं-तिघं तांब्या तसाच रिकामा घेऊन परत गेले.

वैष्णवीला पप्पूनेच फोनवर सारं सांगितलं असावं. ती रविवारी आली, आणि आली ती रडवेली होऊन. "मावशी, माझं चुकलं. मी ते वाक्य आधी सांगायला हवं होतं. पण चाचणी खोटी नव्हती हो."

"खोटी न्हवती, पोरी," चंद्राबाई म्हणाली. "रंग उडाला त्यो म्या बघितला की. तू समदं सांगितलं व्हतंस. म्याच निम्मं घिऊन ग्येले." मग तिने पोरीला चहा दिला आणि प्रकल्पात माझं नाव घालू नकोस असं सांगितलं. वैष्णवीने मान हलवली, पण तिच्या वहीत 'हे औषध आहे असं नाही' हे वाक्य सगळ्यात वर गेलं.

चूल मात्र बंद पडली नाही. आईने मुळी द्यायची नाही असं सांगितलं होतं. पण चंद्राबाईने मनाशी ठरवलं, की मनाई आहे ती मुळी औषध म्हणून द्यायची; तहानलेल्याला चहा देण्यावर कुठल्याच आईची बंदी नसते. हे ठरवताना ती थोडी भ्याली होती. पहिल्या दिवशी उपळसरी ठेचताना ती आपल्या हाताकडे बघत होती, जसं काही तिथे फरक दिसेल. पाणी नेहमीसारखंच तांबूस झालं. वासही तोच आला. तरी गुण आहे की गेला, हे तिला कळायला मार्ग नव्हता, आणि कळल्याचं ती सांगतही नाही.

दवाखान्यातला अकरावा दिवस उजाडला तो रविवार होता. गडावरून तीस-चाळीस पोरांचा घोळका उतरला होता आणि सगळ्यांना एकदमच चहा हवा होता. चंद्राबाई कप भरत होती. एका मुलीने विचारलं, "मावशी, हा कशावर चांगला असतो?" चंद्राबाई म्हणाली, "तहानेवर." पोरं हसली. तेवढ्यात कमरेच्या पिशवीतला मोबाईल वाजला. नाव गायत्रीचं होतं. चंद्राबाईने ओगराळं पातेल्यात सोडलं आणि दोन्ही हातांनी फोन कानाला लावला.

"आत्या, डाक्टर आत्ता बघून ग्येले," गायत्री म्हणाली. "बोट ऱ्हातंय म्हनले. पाऊलबी धडधाकट हाय. मंगळवारी घरी सोडत्यात."

चंद्राबाईने "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि होती तिथेच दगडावर बसली. पदर तोंडाशी धरून ती ओक्साबोक्शी रडली, चाळीस अनोळखी माणसांसमोर. पोरं घाबरली. ती मुलगी पुढे येऊन तिच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "मावशी, काय झालं? कुणी गेलं का?"

"न्हाई गं बाई," चंद्राबाई डोळे पुसत म्हणाली. "माज्या भावाचा पाय वाचला." आणि तिने पुन्हा ओगराळं हातात घेतलं.